धाकट्याची डिस्क

"सामाईक काही ठेवायचं नाही. सामाईक म्हणजे उद्याच्या भांडणाला आज काढून दिलेली जागा."

वाटणीच्या दिवशी सर्व्हेअर हे म्हणाला तेव्हा समोर बसलेल्या आपल्या धाकट्या भावाकडे त्याने पाहिलंही नाही. टेबलावर घराचा नकाशा पसरला होता, त्याच्याशीच तो बोलत होता. सर्व्हेअरची बायको दाराला टेकून उभी होती. तिला वाटलं, हा माणूस नकाशाशी बोलतो त्याच्या पावपट जरी माणसांशी बोलला असता तर हा नकाशा काढायची वेळच आली नसती. वाटलं आणि तिने ते गिळलं. ती एका दातांच्या दवाखान्यात रोग्यांना वेळा देण्याचं काम करायची. रोज माणसं आ वासून बसलेली पाहून तिचं एक मत झालं होतं, की तोंड उघडलं की सगळे सारखेच दिसतात, वकील काय नि हमाल काय. आपल्या नवऱ्याला आ वासायला लावणारा मात्र तिला अजून भेटला नव्हता.

जमिनी मोजून त्यांचे नकाशे काढणं हा सर्व्हेअरचा धंदा. गल्लीत त्याला फूटपट्टी म्हणत. ते ऐकू आलं तरी तो न आल्यासारखं करी, कारण मनातून त्याला ते नाव आवडायचं. उंच, ताठ, भिंतीच्या कडेने चालणारा माणूस. शर्टाच्या खिशात कायम टोक केलेली पेन्सिल. बायकोने चहाचे दोन कप भरून ठेवले तर हा खाली वाकून डोळा कपांच्या पातळीला आणायचा, आणि मग काही न बोलता कमी भरलेला कप स्वतःकडे ओढायचा. यात त्याग नव्हता. कमी घेतलेलं त्याच्या लक्षात राहायचं, आणि लक्षात ठेवण्यातच त्याला त्या कपापेक्षा जास्त गोडी होती.

उन्हातान्हात लोकांच्या कुंपणांत उभं राहून त्याने माणसांबद्दल एक सिद्धांत बनवला होता: जगात एकच जमात आहे, बांधकोऱ्यांची. दोन शेतांमधला बांध आपल्या बाजूने रोज थोडा थोडा कोरून शेत वाढवणारा तो बांधकोऱ्या. पण सर्व्हेअरच्या तोंडी हा शब्द कुणालाही लागू व्हायचा. रांगेत हळूच पुढे सरकणारी बाई बांधकोरी. वाचायला नेलेला पेपर घडी मोडून परत करणारा शेजारी बांधकोऱ्या. बोलताना जास्त जवळ येऊन उभा राहणारा डॉक्टरही तोच. धाकटा भाऊ तर जन्मजात. लहानपणी दोघांना मिळून एक खोली होती, तेव्हा सर्व्हेअरने जमिनीवर खडूने मधोमध रेघ ओढली होती, आणि धाकटा त्या रेघेवर आडवा पडून झोपायचा. झोपलेल्या पोराला रेघ कुठून दिसणार? पण सर्व्हेअर ही गोष्ट अजून सांगतो, आणि दर वेळी तिच्यात 'मुद्दाम' हा शब्द घालतो.

धाकट्यावरही जीव ओवाळून टाकावा असं काही नव्हतं. तो समारंभांचे व्हिडिओ काढायचा. परक्यांच्या आनंदात कॅमेरा घेऊन घुसायचा आणि घरी येऊन त्या आनंदाला जांभया देत त्याची कापाकापी करायचा. डब्याचं झाकण लावणं, नळ नीट बंद करणं, नेलेली वस्तू परत आणणं, यातलं काही त्याच्याकडून कधी झालं नाही. रागावला की हसायचा. त्या हसण्याने सर्व्हेअरच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि धाकट्याला हे पक्कं ठाऊक होतं.

तर वाटणी झाली. खालचा मजला थोरल्याचा, वरचा धाकट्याचा. आतल्या जिन्याचं तोंड विटांनी बुजवलं आणि धाकट्यासाठी बाहेरून लोखंडी जिना आला. विजेचे मीटर वेगळे, पाण्याच्या टाक्या वेगळ्या, दारावरच्या घंटासुद्धा वेगळ्या. अंगणात भिंत चढली ती सर्व्हेअरने स्वतः दोरी धरून चढवून घेतली. गवंडी म्हणाला, "साहेब, भाऊच आहे ना? एवढं काय बघता?" त्यावर हा म्हणाला, "भाऊ आहे म्हणूनच बघतो."

शेवटी उरला तो कॉम्प्युटर.

तो कधीकाळी धाकट्यानेच जोडला होता, दोघांच्या कामासाठी. डबा आणि पडदा थोरल्याने आणलेला, आतल्या दोन मोठ्या डिस्क धाकट्याच्या. पुढे मशीन फार रखडायला लागलं तेव्हा सर्व्हेअरने स्वतःसाठी एक नवी, वेगवान डिस्क आणली, आणि धाकट्याने ती आत बसवून तिच्यावर नव्याने विंडोज चढवून दिलं. त्या डिस्कवर सर्व्हेअरचे नकाशे, त्या दोन डिस्कवर धाकट्याचे समारंभ. वाटणी सोपी होती. डबा थोरल्याचा, दोन डिस्क धाकट्याच्या. धाकट्याने आपले व्हिडिओ उतरवून घेतले आणि म्हणाला, "आता केव्हाही काढून दे."

पण सर्व्हेअरला डिस्क नुसत्या द्यायच्या नव्हत्या. इतकी वर्षं एका डब्यात राहिल्या, आपल्या एखाद्या नकाशाची नक्कल त्यांच्यात कुठे पडली असेल तर? आणि ती होतीच. मागे कधी धाकट्याने सगळ्या नकाशांची एक प्रत आपल्या डिस्कवर काढून ठेवली होती, "असू दे, वेळेला उपयोगी पडेल" म्हणून. सर्व्हेअरला त्यात उपयोग दिसला नाही, बांध दिसला, कोरलेला. मग त्याने डिस्क मुळापासून पुसून काढणारा एक प्रोग्राम उतरवून घेतला आणि दोन्ही डिस्क धुऊन काढल्या. प्रोग्रामने पुन्हा पुन्हा विचारलं, नक्की का? सगळं जाईल. दर वेळी त्याने 'हो'वर बोट दाबलं, आणि बायकोने पाहिलं की त्याच्या चेहऱ्यावर अंगण झाडून झालेल्या माणसाची तृप्ती आहे. मशीनने कुरकूर केली नाही. संध्याकाळी ते बंद करून त्याने डिस्क काढल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातल्या आणि पिशवी लोखंडी जिन्याच्या कठड्याला अडकवून आला. हाकसुद्धा मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ आली. सुरू करण्याजोगं साधन सापडत नाही.

तो दिवस असा तसा नव्हता. टेकडीवरच्या नव्या वसाहतीचा नकाशा दुपारी चारच्या आत नगररचनेच्या कचेरीत पोचवायचा होता. कित्येक महिने तो त्या टेकडीवर खुंट्या ठोकत हिंडला होता. बिल्डरने आधीच बजावलं होतं, "आज नाही आलात तर ड्रोनवाला आहेच. तो एका दिवसात टेकडी मोजून देतो म्हणतो." ड्रोनवाल्याबद्दल सर्व्हेअरचं मत एवढंच होतं, की जो जमिनीला पाय लावत नाही त्याने जमिनीबद्दल बोलू नये. पण बिल्डरला मतं नको होती, नकाशा हवा होता, आणि नकाशा त्या काळ्या पडद्यामागे होता.

बायकोला त्या दिवशी सुट्टी होती. नाश्त्याची बशी हातात घेऊन ती बघत राहिली. आधी त्याने प्लग बदलला. मग वायरी काढून पुन्हा खोचल्या. मग डब्याचं झाकण उघडून फुंकर मारली, तेव्हा धूळ त्याच्याच डोळ्यांत गेली. मेमरीच्या पट्ट्या काढल्या आणि नकाशावरच्या चुका पुसायच्या महागड्या खोडरबराने त्यांचे पिवळे दात घासले. बटण दाबलं. तीच ओळ.

"अहो, डिस्क बिघडली असेल का?" तिने विचारलं.

"माझी डिस्क बिघडत नसते."

आत सेटिंगच्या निळ्या पानावर जाऊन त्याने पाहिलं, तर खरंच, त्याची डिस्क तिथे होती, नावासकट, मापासकट. तो विजयाने मागे वळला. "बघ. जागच्या जागी आहे. अख्खी आहे."

"मग सुरू का होत नाही?"

यावर त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तीच मध्ये उभी असल्याने होत नव्हतं.

रिपेरिंगच्या दुकानात फोन लावला. दुकानदार काहीतरी चावत बोलत होता. "आणून ठेवा. परवा बघू. फॉरमॅट मारावं लागेल बहुतेक."

"फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसणार?"

"मग काय ओवाळणार?"

सर्व्हेअरने फोन ठेवला. त्याच्या मानेवर घामाची रेघ खाली उतरली, तीसुद्धा सरळ. बायकोला हसू आलं आणि हसू आल्याचं वाईटही वाटलं, पण फार नाही. तिने बशी ठेवली.

"भाऊजींना बोलावते."

"काही गरज नाही."

"त्यांनीच जोडलंय ते."

"जोडलं होतं. आता त्याचा काही संबंध नाही. कागद झालाय."

"त्या कागदावर चारपर्यंत मशीन चालू होणार असेल तर थांबते मी."

तो पुन्हा वायरी खोचायला लागला. त्याचं न बोलणं म्हणजे काय ते इतक्या संसारात तिला कळायला लागलं होतं. हा माणूस हो कधी म्हणत नसे, फक्त नाही म्हणायचं थांबवत असे. ती बाहेर गेली आणि लोखंडी जिन्याखालून हाक मारली.

धाकटा सफरचंद खात खाली आला. काखेत लॅपटॉप, खिशातून वायर लोंबतेय, पायात दोन वेगवेगळ्या चपला. दारात थांबून म्हणाला, "पलीकडच्या हद्दीत यायला परवानगी आहे ना, वहिनी? की अर्ज करू?"

"या आत. आणि ते सफरचंद संपवा आधी."

त्याने पडद्यावरची ओळ वाचली, उघड्या डब्यात डोकावला, आणि हसला. तेच हसणं. "दादा, तुझी डिस्क ठणठणीत आहे. विंडोज आहे, नकाशे आहेत, सगळं आहे. फक्त त्याला उठवणारं कुणी नाही."

"म्हणजे?"

"बटण दाबलं की मशीन आधी एक छोटासा तुकडा शोधतं. त्याला नाव नाही, गाव नाही, उघडून बघितला तर त्यात काही दिसतही नाही. तो सांगतो, विंडोज अमुक डिस्कवर आहे, तिकडे जा. तुझी नवी डिस्क बसवली तेव्हा माझ्या दोन्ही आत होत्याच. तुकडा आधीपासून माझ्या डिस्कवर होता, विंडोजने तोच वापरला, नवा केला नाही. रोज सकाळी माझी डिस्क तुझ्या डिस्कला उठवायची. तू ती पुसलीस, काल रात्री लावून पाहिली तर कोरी."

सर्व्हेअरच्या डोक्यात कुठला शब्द आला असेल ते बायकोला कळलं, आणि तो शब्द तो मेला तरी उच्चारणार नाही हेही कळलं. शेवटी धाकट्यानेच उच्चारला, सफरचंदाचा देठ फिरवत. "सामाईक होता तो."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?" सर्व्हेअर उसळला. "ह्याने जोडलं, ह्याला माहीत, आणि हा वर बसून गंमत बघतो!"

"तू विचारलंस कुठे? डिस्क कठड्याला अडकवून गेलास. दूधवाला बाटली ठेवतो, तोसुद्धा घंटा वाजवतो."

बायकोने धाकट्याकडे नीट पाहिलं. "भाऊजी, खरं सांगा. 'केव्हाही काढून दे' म्हणालात तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

धाकट्याने खांदे उडवले. "संशय होता. म्हटलं, दादा सर्व्हेअर आहे, खणायच्या आधी खाली काय आहे ते बघेलच."

म्हणजे माहीत होतं. तिला एकदम त्या दोघांचीही किळस आली. एक जण दुसऱ्याची मुळं खणतो, आणि दुसरा त्याच्या हातातली कुदळ बघत खिडकीत बसतो. एकाच खोलीत वाढलेली माणसं. आणि आपण त्यांतल्या एकाशी लग्न करून दुसऱ्याला भाऊजी म्हणतो.

"आता होईल का नीट?" तिने विचारलं. "की नुसती व्याख्यानं?"

"होईल की. नाहीतर डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला लावू, नकाशा तरी बाहेर काढू."

"माझी डिस्क ह्या डब्याबाहेर जाणार नाही," सर्व्हेअर म्हणाला. "आणि नुसती फाइल घेऊन काय करू? नकाशाचं सॉफ्टवेअर ह्या एकाच मशीनला बांधलेलं आहे."

"बरं बाबा. मग इथेच करू." धाकटा खुर्चीवर बसला. सर्व्हेअरच्या खुर्चीवर. सर्व्हेअर मागे उभा राहिला, हात मागे बांधून, जसा तो मजुरांच्या मागे उभा राहतो.

धाकट्याला हे काम येत होतं अशातला भाग नव्हता. त्याने मोबाइल पडद्याला टेकवून ठेवला. त्यात कुणीतरी नाकात बोलणारा माणूस असंच बंद पडलेलं मशीन दुरुस्त करून दाखवत होता. धाकटा त्याला थांबवायचा, टाईप करायचा, पुन्हा सोडायचा. लॅपटॉपवर त्याने विंडोजचा पेनड्राइव्ह बनवला. त्यात दुपार चढत गेली. पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं, काळ्या चौकटीत आज्ञा लिहिल्या, आणि नकार आला.

"काय झालं?"

"थांब. हा म्हणतोय की मशीन दोन पद्धतींनी सुरू होतं, जुनी आणि नवी. मी जुनीने केलं वाटतं."

"वाटतं?" सर्व्हेअर म्हणाला. "मोबाइलमध्ये बघून माझ्या डिस्कवर प्रयोग चाललेत."

"तू कर मग. खोडरबर आहे ना?"

"भांडा," बायको म्हणाली, "भांडा दोघं. ड्रोनवाला वरून बघतोच आहे."

पुन्हा सुरुवात झाली, या वेळी नव्या पद्धतीने. एका ठिकाणी धाकटा थांबला. "दादा, तो तुकडा नव्याने करायला जागा लागेल. तुझ्या डिस्कमधून कापावी लागेल."

"किती?"

"नखाएवढी. तुझ्या एका नकाशाला लागते त्याहून कमी."

"कुठून कापणार?"

"कुठून म्हणजे?"

"सुरुवातीकडून का शेवटाकडून? माझ्या फाइली कुठे आहेत ते बघून काप. मधून नको."

धाकटा खुर्चीत वळला. "पूर्वेकडून कापू की पश्चिमेकडून? झाडं कुणाची आहेत, विहीर कुणाची आहे? खुंट्या ठोकतोस का आधी?"

बायकोला फिस्सकन हसू आलं, तिने ते खोकल्यात दडवलं. सर्व्हेअर हसला नाही. तो खरोखर वाट पाहत होता. त्याचे डोळे पडद्याला चिकटले होते, आणि क्षणभर तिला त्याची कीव आली. या माणसाला आपल्याजवळचं नखाएवढं काही सोडता येत नाही, आणि न सोडण्याचं ओझं घेऊन तो रोज टेकड्या चढतो. पण कीव फार टिकली नाही, कारण तो म्हणाला, "शेवटाकडून. आणि जास्त घेऊ नकोस."

धाकट्याने शेवटाकडून कापलं. तुकडा केला, त्याला सुरू करायच्या फाइली दिल्या, पेनड्राइव्ह काढला आणि बटण दाबलं. काळा पडदा आला. तो काळाच राहिला, इतका वेळ की तिघांचेही चेहरे त्यात दिसायला लागले. मग मधोमध एक छोटं वर्तुळ फिरायला लागलं, आणि सर्व्हेअरचा रोजचा निळा पडदा उघडला, त्याच्यावर ओळीत लावलेले सगळे नकाशे.

"झालं," धाकटा म्हणाला. उठून उभा राहिला, पाठ ताणली.

सर्व्हेअर लगेच खुर्चीवर बसला. खुर्ची अजून गरम होती, त्यामुळे तो जरा चुळबुळला. वसाहतीचा नकाशा उघडला, एकेक कोपरा मोठा करून पाहिला, एकाही रेघेला धक्का लागला नव्हता. छापायला सोडला. मोठं छापयंत्र कण्हत कण्हत कागद बाहेर ढकलायला लागलं, आणि सर्व्हेअर त्याच्यापुढे दोन्ही हात पसरून उभा राहिला, कागदाला जमिनीचा स्पर्श होऊ नये म्हणून.

धाकटा वायर गुंडाळत होता. तो मुद्दाम हळू गुंडाळत होता. बायकोला कळलं की तो कशाची तरी वाट बघतोय. फार नाही, एखादा शब्द. 'बरं' एवढा असता तरी तो लोखंडी जिना शीळ घालत चढला असता. तीही वाट बघायला लागली, आणि आपण वाट बघतोय याचा तिला राग आला.

नकाशा नळीत गेला, झाकण लागलं. तेवढ्यात फोन वाजला. बिल्डर.

"हॅलो. हो, हो, निघालोच," सर्व्हेअर म्हणाला. आवाज एकदम रुंद झाला होता. "छे, छे, मशीनला काय धाड भरलीय? सकाळी जरा अडलं होतं, मीच बघितलं, मीच लावलं मार्गी. नाही हो, रिपेरवाल्याकडे कशाला? माझ्या मशीनला मी बाहेरच्या माणसाचा हात लागू देत नाही. एकदा लागला की मग हे गेलं, ते गेलं. चारच्या आत पोचतो."

त्याने फोन खिशात टाकला. धाकट्याचे वायर गुंडाळणारे हात थांबले होते. या खेपेला तो हसला नाही. त्याचं हसणं नसलेलं तोंड बायकोने पहिल्यांदाच पाहिलं. ते अगदी थोरल्यासारखं दिसत होतं.

"बाहेरचा कोण हो?" तिने नवऱ्याला विचारलं.

सर्व्हेअरने तिच्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे, मग पडद्याकडे, तिथे नकाशा अजून उघडाच होता. त्याने तो बंद केला. मशीनही बंद केलं, नीट, वाट बघून, पंखा थांबेपर्यंत.

"अहो, विचारलं मी काहीतरी."

त्याने बूट घातले, नाड्यांची टोकं सारखी केली, नळी काखेत मारली आणि तो दोघांच्या मधून, कुणालाही धक्का लागू न देता बाहेर पडला.